हिवाळ्यातील सूप : कोंबडी आणि पालेभाजी

उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात पौष आणि माघ हे कडाक्याच्या थंडीचे महिने होत. लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट हे गाव आहे; आता शहर वाढत जाऊन त्याला भिडले आहे. ३० जून १८५७ रोजी झालेल्या लढाईमुळे हे नाव इतिहासात, आणि झिलईदार मातीच्या भांड्यांमुळे हस्तव्यवसायात परिचित आहे. जानेवारीत येथील पहाटेचे तापमान सात-आठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि दाट धुक्यामुळे कित्येक दिवस दुपारपर्यंत सूर्यदर्शन होत नाही. घरोघरी सर्दी-पडसे आणि खोकला यांचा मुक्काम पडतो, मग घरातील वडीलधारे माणूस सांगते, “आज यखनी लावा.”

यखनी म्हणजे थोड्या मसाल्यासह पाण्यात शिजविलेल्या मांसाचे गाळून घेतलेले पाणी. लखनौच्या पुलावाचा तोच पाया असतो. महाराष्ट्रातही हा पदार्थ अनोळखी नाही. हळद-मीठ लावून शिजविलेल्या कोंबडीचे पाणी तिखट रस्सा करण्यापूर्वी वेगळे काढून लहान मुलांना व आजाऱ्यांना देण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यास ‘अळणी’ म्हणतात. नावे निराळी असली, तरी दोन्ही ठिकाणची समजूत एकच : मांसाचे सारे सत्त्व पाण्यात उतरले, मागे राहिला तो चोथा. या समजुतीप्रमाणे आजाऱ्याच्या वाट्याला निर्मळ पाणी येते आणि मांसाचे तुकडे धडधाकट मंडळींच्या पानात पडतात.

ही वाटणी प्रेमाने केलेली असते, यात शंका नाही. परंतु ती शास्त्राच्या कसोटीस उतरते काय? प्रस्तुत पुस्तिकेत प्रथम या प्रश्नाचा विचार केला आहे, आणि त्या विचारातून निघणारी सुपाची कृती पुढे दिली आहे.

१. पाण्यात काय उतरते?

कोंबडीचा तुकडा नीट पाहिला, तर त्यात तीन निरनिराळ्या वस्तू आढळतात : स्नायूंचे तंतू, त्या तंतूंना एकत्र बांधणारे चिवट पांढरे पापुद्रे, आणि हाड. पाणी तापू लागले म्हणजे या तिन्हींवर होणारा परिणाम सारखा नसतो.

स्नायूंच्या तंतूंत मायोसिन व ॲक्टिन ही प्रमुख प्रथिने असतात. उष्णतेने ती गोठतात आणि तंतूंतच अडकून राहतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तसाच हा प्रकार आहे. स्नायूंतील काही थोडी विद्राव्य प्रथिने मात्र पाण्यात येतात आणि तेथे गोठून करड्या फेसाच्या रूपाने वर तरंगतात. स्वयंपाकी तो फेस पळीने काढून टाकतो.

तंतूंना बांधणाऱ्या पापुद्र्यांत, कातडीत आणि कूर्चेत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. पाण्यात दीर्घकाळ तापविल्यास, विशेषतः ७० अंशांच्या वर, त्याचे पीळ सुटून त्याचे जिलेटिन बनते व ते विरघळते. सुपाला येणारा किंचित चिकट दाटपणा यामुळेच येतो. कोंबडी जितकी वयस्क, तितके तिच्या कोलॅजेनमधील बंध अधिक पक्के. म्हणून सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस येणारी ब्रॉयलर कोंबडी लवकर शिजते आणि अंगणात वाढलेली जून गावठी कोंबडी दोन-दोन तास दाद देत नाही.

हाडांतील चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. इंग्लंडमधील मॅकन्स, शेल्डन आणि विडोसन या संशोधकांनी १९३४ साली हाडांच्या व भाज्यांच्या कढणाचे पृथक्करण केले, तेव्हा त्यांना त्याचे पोषणमूल्य अगदी बेताचे आढळले. तेव्हा हाडांचे पाणी प्याल्याने हाडे बळकट होतात, हा समज सोडून दिला पाहिजे.

याखेरीज पाण्यात पोटॅशियमसारखी काही खनिजे, ‘ब’ गटातील जीवनसत्त्वांचा काही भाग, चरबीचे थेंब, आणि मांसाला रुची देणारी क्रिएटिन, इनोसिनेट इत्यादी द्रव्ये उतरतात. वास, स्वाद व ऊब या तिन्ही बाबतींत हे पाणी श्रीमंत असते. स्वाद आणि पोषण या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढे मात्र विसरता कामा नये.

करून पाहा : गाळलेले सूप अर्धी वाटी घेऊन ते निवल्यावर शीतकपाटात ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते थरथरणाऱ्या वडीसारखे झालेले दिसेल; वर चरबीचा फिकट थर असेल. ही वडी जिलेटिनमुळे बनते. वाटी कोमट पाण्यात ठेवताच ती पुन्हा पातळ होते.

२. एका जुन्या चुकीचा इतिहास

ही वडी पाहून अनेक विद्वानही फसले आहेत. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबाखाली हाडे मऊ करणारे एक भांडे दाखविले. आजचा प्रेशर कुकर हा त्याचाच वंशज. टाकाऊ हाडांपासून गरिबांना स्वस्त अन्न मिळेल, अशी आशा त्यामुळे उत्पन्न झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात डार्से या रसायनशास्त्रज्ञाच्या पुरस्कारामुळे पॅरिसमधील रुग्णालयांत व अनाथांच्या आश्रयस्थानांत हाडांच्या जिलेटिनचे सूप वाढले जाऊ लागले. ते पिणारांची तक्रार अशी की, पोट भरते; पण अंगी बळ येत नाही.

अखेर फ्रेंच विज्ञान अकादमीने या प्रश्नाच्या चौकशीसाठी समिती नेमली. फ्रांस्वा माझांदी हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून समितीने १८४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला की, केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही. असे का होते, याचा उलगडा मात्र पुढे अमिनो अम्लांच्या अभ्यासातून झाला. प्रथिने ही अमिनो अम्लांच्या साखळ्या असून त्यांपैकी काही अम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ट्रिप्टोफॅन हे त्यांपैकी एक. हॉपकिन्स व कोल यांनी ते १९०१ मध्ये वेगळे काढले. जिलेटिनमध्ये हे ट्रिप्टोफॅन मुळीच नसते. विटा कितीही असल्या, तरी चौकटच नसेल तर घर उभे राहत नाही. जिलेटिनची गोष्ट तशीच आहे.

कोंबडीच्या मांसाच्या तंतूंत मात्र सर्व आवश्यक अमिनो अम्ले असतात. १०० ग्रॅम कच्च्या, कातडी व हाडे काढलेल्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात आणि शिजल्यानंतर त्यांतील बराच मोठा भाग मांसातच राहतो. ज्याला ‘चोथा’ म्हणून बाजूला सारले जाते, तेच खरे सत्त्व होय. आजारातून उठणाऱ्या मुलाला अथवा दात पडलेल्या वृद्धाला नुसते पाणी देणे म्हणजे ज्याला प्रथिनांची गरज अधिक, त्याच्याच ताटातून ती काढून घेणे होय. चावता येत नसेल, तर मांस बारीक कुस्करून अथवा वाटून त्याच सुपात मिसळावे.

३. सर्दीवर उपयोग होतो काय?

याचा अर्थ असा नव्हे की, सुपाचे पाणी निरुपयोगी आहे. बाराव्या शतकातील वैद्य मायमोनिदीस याने कोंबडीचे कढण आजाऱ्यांस पथ्यकर म्हणून सांगितले होते, आणि आधुनिक काळात या समजुतीची परीक्षाही झाली आहे. १९७८ साली अमेरिकेतील मायामी बीच येथील संशोधकांनी निरोगी व्यक्तींना थंड पाणी, गरम पाणी व कोंबडीचे गरम सूप देऊन नाकातील श्लेष्मा किती वेगाने पुढे सरकतो, हे मोजले. गरम पाण्याने व गरम सुपाने वेग वाढला. थंड पाण्याने तो घटला. परंतु हा लाभ सुमारे अर्ध्या तासात ओसरला.

पुढे २००० साली नेब्रास्का विद्यापीठातील स्टीफन रेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाज्या घालून केलेल्या कोंबडीच्या सुपावर प्रयोग केले. दाह उत्पन्न करणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल सुपामुळे काहीशी मंदावते, असे त्यांना आढळले. हा प्रयोग काचपात्रातील होता. माणसाच्या शरीरात तेच घडते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा एवढेच म्हणणे रास्त ठरेल : गरम सूप नाक मोकळे करते, घशाला आराम देते, पाण्याची व मिठाची तूट भरून काढते आणि भूक मंदावलेल्या माणसाला घास घेण्यास प्रवृत्त करते. ते औषध नव्हे. ताप उतरत नसल्यास किंवा धाप लागत असल्यास सुपावर विसंबून न राहता वैद्यकीय मदत घेतली पाहिजे.

४. पालेभाज्यांची निवड

मांसात जे नाही अथवा अल्प आहे, ते पालेभाजी पुरविते : ‘क’ जीवनसत्त्व, फोलेट, ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य असलेले कॅरोटीन, आणि तंतुमय भाग. सुदैवाने थंडीचा ऋतू हाच मैदानी प्रदेशात पालेभाज्यांचा ऋतू होय. चिनहटच्या बाजारात या दिवसांत पालक, मेथी, बथुआ, सोया व सरसों यांच्या जुड्या मांडलेल्या असतात. बथुआ म्हणजे आपला चाकवत. तो गव्हाच्या शेतात तण म्हणूनही उगवतो. सोया म्हणजे शेपू, आणि सरसों म्हणजे मोहरीचा पाला. महाराष्ट्रातील वाचकांनाही या सर्व भाज्या हिवाळ्यात सहज मिळतात.

पालक व चाकवत यांत ऑक्झॅलिक अम्ल पुष्कळ असते. ते कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारा क्षार बनविते. त्यामुळे पालकातील कॅल्शियमचा अल्पच भाग शरीरात शोषला जातो. मेथी व मोहरीच्या पाल्यात हा दोष पुष्कळ कमी आहे. म्हणून एकाच भाजीवर भर न देता दोन-तीन पाले एकत्र करणे हितकर असते.

लोहाची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २०१९–२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. पालेभाजीतील लोह शरीर सहजासहजी स्वीकारत नाही. परंतु त्याच घासात मांस असेल, किंवा लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व असेल, तर त्याचे शोषण वाढते. कोंबडी, पाला आणि लिंबू एकाच वाटीत आणण्यामागे केवळ चवीचा विचार नाही, तो हा. याच कारणासाठी सूप घेतल्यावर लगेच चहा पिऊ नये. चहातील टॅनिन लोहाला अडवून धरते. थंडीच्या दिवसांत हे पथ्य अवघड वाटेल, पण तासभर थांबणे अशक्य नाही.

५. पाला केव्हा घालावा?

मांसाला दीर्घकाळ मंद आच हवी, तर पाल्याला अल्पकाळ तीव्र आच. दोन्ही एकदम शिजत ठेवल्यास एकाचे नुकसान ठरलेले आहे. ‘क’ जीवनसत्त्व व फोलेट ही उष्णतेने नाश पावतात आणि पाण्यातही उतरतात. भाजी उकळून पाणी फेकून दिले, तर हा दुहेरी तोटा होतो. सुपात मात्र पाण्यात उतरलेला भाग वाया जात नाही, कारण ते पाणी आपण पितोच. उरतो उष्णतेचा प्रश्न. तो पाला शेवटच्या चार-पाच मिनिटांत घातल्याने सुटतो. सुपातील थोडी चरबी अथवा चमचाभर तेल येथे उपयोगी पडते, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच नीट शोषले जाते.

पाल्याचा रंगही काही सांगतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. अम्ल व उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने तो निसटतो आणि हिरवा रंग शेवाळी-तपकिरी होतो. पाल्यातील काही अम्ले वाफेबरोबर उडून जाणारी असतात. म्हणून पाला घातल्यावर झाकण ठेवू नये. रंग टिकविण्यासाठी खाण्याचा सोडा घालण्याची युक्ती कित्येक जण करतात. परंतु सोड्याने ‘क’ जीवनसत्त्व आणि थायमिन नष्ट होते. तेव्हा ती त्याज्य समजावी.

करून पाहा : दोन लहान भांड्यांत पाणी उकळून प्रत्येकात पालकाची चार पाने टाकावी. एका भांड्यात चमचाभर लिंबाचा रस घालावा. पाच मिनिटांनी दोन्हींतील पानांचा रंग ताडून पाहावा. लिंबू सुपात न घालता वाटीत का पिळावे, याचे उत्तर त्यात मिळेल.

६. कृती

चार माणसांसाठी साहित्य : कातडी काढलेली, हाडांसह तुकडे केलेली कोंबडी ५०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, एक कांदा, एक गाजर, पाच-सहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, आठ मिरे, एक तमालपत्र, पाव चमचा हळद, एक चमचा तेल, सपाट पाऊण चमचा, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, आयोडीनयुक्त मीठ, निवडलेला पालक व चाकवत प्रत्येकी १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम, एक लिंबू.

प्रथम पालेभाजी निवडून तीन-चार पाण्यांत धुवावी, आणि मगच चिरावी. चिरून धुतल्यास जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या तुषारांबरोबर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतू ओट्यावर आणि भाजीवर पसरतात. ते शिजविण्यानेच मरतात, धुण्याने नव्हे. कोंबडीसाठी वापरलेली सुरी व पाट साबणाने स्वच्छ केल्याखेरीज भाजीस लावू नये.

जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा, आले व लसूण परतून घ्यावे. त्यावर हळद, मिरे, तमालपत्र, कोंबडीचे तुकडे व थंड पाणी घालावे. पाणी तापून फेस वर येईल तो काढून टाकावा, आणि आच अशी मंद करावी की बुडबुडे एखाददुसरा यावा. खळखळ उकळल्यास चरबी बारीक कणांच्या रूपात मिसळून सूप गढूळ होते व मांसाचे तंतू कोरडे पडतात. झाकण ठेवून ब्रॉयलर कोंबडी चाळीस मिनिटे शिजवावी. गावठी असल्यास मऊ होईपर्यंत अधिक वेळ द्यावा, अथवा प्रेशर कुकर वापरावा. शेवटच्या दहा मिनिटांत गाजराच्या चकत्या घालाव्या.

मग तुकडे बाहेर काढून हाडे वेगळी करावी. बारीक हाड राहिले नाही, याची बोटांनी चाचपून खात्री करावी. मांस हाताने तोडून पुन्हा पातेल्यात टाकावे. आच वाढवून सूप उकळताच मीठ व सर्व पाला घालावा आणि झाकण न ठेवता चार-पाच मिनिटांत पातेले खाली उतरावे. सूप गाळू नये. वाढताना प्रत्येक वाटीत लिंबू पिळावे.

अशा सुपातून माणशी सुमारे १५ ग्रॅम प्रथिने आणि केवळ एक ग्रॅम वरचे मीठ पोटात जाते. दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लक्षात घेता हे प्रमाण योग्य आहे. बाजारी सुपाच्या वड्यांत व पुड्यांत मिठाचा अंश पुष्कळ असतो, हेही येथे ध्यानात ठेवावे. सोबत बाजरीची अथवा मक्याची भाकरी असली, की जेवण पूर्ण होते.

७. उरलेले सूप आणि थंडीचा भ्रम

रात्री उरलेले सूप पातेल्यासकट ओट्यावर ठेवून सकाळी गरम करण्याची पद्धत चिनहटसारख्या थंड ठिकाणी सर्रास आढळते. “सारे घरच शीतकपाट झाले आहे, सूप कसे बिघडेल?” असे म्हटले जाते. हा तर्क फसवा आहे. मोठ्या पातेल्यातील दाट द्रव फार सावकाश निवतो. बाहेर हात गारठत असले, तरी पातेल्याच्या मध्यभागी तासन्‌तास कोमटपणा टिकतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची बीजुके उकळण्यानेही मरत नाहीत. अशा कोमट व प्राणवायूरहित मांसरसात ती रुजतात आणि हे जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी नुसते कोमट करून घेतलेले सूप त्यामुळे पोटात कळा व जुलाब उत्पन्न करते. आधीच अशक्त असलेल्या आजाऱ्यास हा आघात भारी पडतो.

उपाय सोपा आहे. उरलेले सूप लगेच उथळ, लहान भांड्यांत ओतावे. भांडी थंड पाण्यात ठेवून निववावी, आणि दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावी. शीतकपाटाचे तापमान पाच अंशांच्या आत असते. चिनहटची पहाटसुद्धा सहसा तेवढी थंड नसते. दोन दिवसांत सूप संपवावे, आणि घेताना हवे तेवढेच काढून खळखळून उकळावे. शीतकपाट नसल्यास त्या जेवणापुरतेच सूप करणे श्रेयस्कर.

८. कोणी जपावे?

सहा महिने पूर्ण झालेल्या, पण एक वर्षाच्या आतील बालकासाठी मीठ व मिरे न घालता मांस व पाला एकजीव वाटून द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने व पोटॅशियम यांचे प्रमाण वैद्याला विचारून ठरवावे. मूतखडा असणारांनी पालक व चाकवत यांऐवजी मेथी किंवा मोहरीचा पाला घ्यावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी बदलू नये, कारण तिच्यातील ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध कार्य करते.

सारांश

सुपाच्या पाण्यात स्वाद, ऊब व जिलेटिन असते. शरीर बांधणारी प्रथिने मुख्यतः मांसातच राहतात. पालेभाजी शेवटी घातली, तर तिची जीवनसत्त्वे टिकतात. मांस व लिंबू यांच्या संगतीने तिचे लोह अंगी लागते. उरलेले सूप त्वरित निववावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरात जो सर्वांत अशक्त असेल, त्याच्या वाटीत केवळ पाणी नव्हे, मांसही पडले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जिलेटिन हे प्रथिन असूनही केवळ त्यावर प्राणी का जगू शकत नाही?
२. जून कोंबडी शिजण्यास अधिक वेळ का लागतो?
३. पाला घातल्यावर झाकण का ठेवू नये? सोडा का घालू नये?
४. थंडीच्या रात्री उघड्यावर ठेवलेले मोठे पातेले शीतकपाटाचे काम का करू शकत नाही?
५. आपल्या घरी आजाऱ्यासाठी केलेल्या सुपातील मांस कोण खाते? वरील माहितीच्या आधारे या पद्धतीचा विचार करा.